रेव्हरंड ना. वा. टिळक : स्वेच्छा आणि ईश्वरेच्छा

१

स्वतःची इच्छा ईश्वराच्या इच्छेशी जुळवून घेणे हा ख्रिस्ती साधनेतील केवळ एक नैतिक उपदेश नव्हे. तो प्रार्थनेचा गाभाच आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या मागणीच्याही आधी ईश्वरेच्छा पूर्ण व्हावी ही मागणी येते. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशू आपली इच्छा प्रथम उघडपणे मांडतो, समोरचा दुःखाचा प्याला टळावा असे म्हणतो आणि त्यानंतर ती इच्छा पित्याच्या स्वाधीन करतो. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. इच्छा मुळातून नाहीशी करणे येथे अपेक्षित नाही. ती असते, ती बोलून दाखवली जाते आणि मग सोपवली जाते.

तथापि या शिकवणीत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. आपल्या मनात उठलेली प्रबळ प्रेरणा ईश्वराची आहे की आपलीच, हे ओळखायचे कसे? दुर्बल इच्छेच्या माणसापुढे हा प्रश्न फारसा येत नाही. ज्याची इच्छाशक्ती दांडगी आहे आणि ज्याला स्वतःच्या अंतःप्रेरणेवर विश्वास आहे, त्याच्यापुढे मात्र तो जन्मभर उभा राहतो. अर्वाचीन मराठी कवितेच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे अशा माणसांपैकी होते. त्यांच्या चरित्राचा विचार बहुधा धर्मांतराची कथा म्हणून किंवा कवीची जडणघडण म्हणून झाला आहे. प्रस्तुत लेखात हे चरित्र वरील प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न आहे. टिळकांच्या आयुष्यातील समर्पणाची खरी कसोटी त्यांनी कशाचा त्याग केला यात शोधण्यापेक्षा, दुसऱ्याच्या इच्छेसाठी ते कोठे थांबले यात शोधावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने करडे होते. आई जानकीबाई हळव्या मनाची, कवितेची आवड असलेली होती. मुलाचा सारा ओढा आईकडे होता. अकरा-बारा वर्षांचे वय असताना ती गेली आणि घर त्याच्यापुरते संपले. तो बाहेर पडला व नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले. पुढील आयुष्यातही मनाला पटेनासे झाले की उठून चालू लागणे ही टिळकांची रीतच होऊन बसली. तिचा उगम या पहिल्या गृहत्यागात पाहता येतो.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या बालवधूशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्यानंतरची दहा-बारा वर्षे टिळकांनी एका गावाहून दुसऱ्या गावी, एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात घालवली. शिक्षकी, पुराण सांगणे, कीर्तन, छापखान्यातील काम असे अनेक उद्योग त्यांनी केले. एकही फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये या काळाचे जे वर्णन केले आहे त्यात तक्रारीपेक्षा विनोद अधिक आहे, परंतु त्या विनोदाच्या आड एक वस्तुस्थिती स्पष्ट दिसते. पतीच्या मनात लहर उठावी आणि तिचा हिशेब पत्नीने चुकता करावा, असा त्या संसाराचा क्रम होता.

नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या कामात काहीसे स्थैर्य लाभले. याच काळात त्यांनी ‘ऋषी’ हे धर्मविषयक मासिक चालवले. देशाच्या दुरवस्थेचे मूळ धर्माच्या दुरवस्थेत आहे असे त्यांचे निदान होते. एक ईश्वर मानणारा, माणसामाणसांत भेद न करणारा असा नवा धर्म देशाला हवा आणि तो आपणच सांगावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. कविता, देशसेवा आणि धर्मसंस्थापना या तीन आकांक्षा या टप्प्यावर एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. तिन्ही उदात्त होत्या. तिन्हींच्या केंद्रस्थानी टिळक स्वतःच होते, हेही नोंदवले पाहिजे.

३

१८९३ साली नोकरीच्या शोधात राजनांदगावकडे जात असताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. गोष्टी कवितेवरून धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक आवडीने नव्हे तर शब्द दिला होता म्हणून वाचावयास घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच मात्र ते थबकले. आपल्या कल्पनेतील धर्माची जी तत्त्वे ते शोधत होते, ती येथे त्यांना अगोदरच सांगितलेली आढळली.

ईश्वरेच्छेची मागणी करणारी ती प्रार्थनाही याच प्रवचनात आहे. धर्मसंस्थापक होऊ पाहणाऱ्या माणसाला येथे अनुयायी होण्याचे आवाहन होते. टिळकांच्या एका आकांक्षेला या वाचनाने पूर्णविराम दिला असे म्हणता येईल. जो धर्म आपण सांगावयाचा तो सांगून झाला आहे, तेव्हा आता तो पाळणे एवढेच उरते, ही जाणीव अभिमानी मनाला सोपी नसते. टिळकांनी ती स्वीकारली. काही काळ त्यांनी मिशनच्या लोकांशी नाव गुप्त ठेवून पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रे. तुकाराम नथोजी या स्वदेशी पाळकाच्या हातून घेतला, या गोष्टीत त्यांचा देशाभिमान दिसतो. धर्म बदलला तरी देश बदलला नाही, हे पहिल्याच पावली त्यांना दाखवावयाचे होते.

तथापि या निर्णयाची दुसरी बाजू चरित्रकाराने झाकू नये. बाप्तिस्म्याचे पाऊल टिळकांनी पत्नीच्या संमतीने उचलले नव्हते. त्या वेळी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहानगा दत्तू होता. बातमी आली तेव्हा त्यांच्यावर काय कोसळले हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. सवर्ण समाजातील स्त्रीला त्या काळी पतीच्या धर्मांतराने सौभाग्य असून नसल्यासारखे होई. ना ती विधवा, ना ती सधवा. टिळकांच्या दृष्टीने हा ईश्वराच्या हाकेला दिलेला होकार होता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो यापूर्वीच्या अनेक गृहत्यागांसारखाच आणखी एक गृहत्याग होता, फक्त अधिक भयंकर. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत. ईश्वरेच्छेचे पालन आणि स्वभावाची जुनी सवय ही एकाच कृतीत एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

४

१८९५ नंतरची चार-पाच वर्षे हा टिळकांच्या आयुष्यातील निर्णायक कालखंड आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रूढ चरित्रांत बाप्तिस्म्याचा दिवस हा मध्यबिंदू ठरतो. समर्पणाच्या दृष्टीने पाहता तो मान या वियोगाला द्यावा लागेल.

टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गुंतले. ते शिकवू लागले, लिहू लागले. लक्ष्मीबाई नातेवाइकांसमवेत पंढरपुरास व अन्यत्र राहिल्या. दोघांत पत्रे चालू होती. कवितेतूनही टिळकांनी आपली व्यथा व्यक्त केली. ज्या माणसाला मनात आले की तत्क्षणी उठून निघण्याची सवय, त्याला आता काहीच करता येत नव्हते. त्याची सर्वांत तीव्र इच्छा पत्नी व पुत्र आपल्याजवळ असावेत ही होती. ती इच्छा अन्याय्य नव्हती. तीत स्वार्थ होता असेही म्हणता येणार नाही. पण ती पूर्ण होणे सर्वस्वी दुसऱ्या व्यक्तीच्या मनावर अवलंबून होते आणि त्या मनावर जबरदस्ती करणे त्यांनी स्वीकारलेल्या श्रद्धेला मान्य नव्हते.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. सोवळ्याओवळ्याचे कडक संस्कार त्यांच्यावर माहेरी झाले होते. त्यांचे वडील सोवळ्याच्या बाबतीत पराकाष्ठेचे काटेकोर होते. ख्रिस्ती पतीजवळ राहावयाचे आणि आपला आचारही सांभाळावयाचा, वेगळा स्वयंपाक करावयाचा, असा त्यांचा बेत होता. टिळकांनी तो मान्य केला. एका पाळकाच्या पदावर येऊ घातलेल्या गृहस्थाच्या घरात पत्नीने त्याच्या हातचे पाणी न प्यावे, ही स्थिती त्याला सहकाऱ्यांत अवघडवणारी होती. टिळकांनी ती सोसली. वादविवाद होत, विनोद होई. पण निर्णय तिचा तिने घ्यावा यावर ते ठाम राहिले. हळूहळू जातिभेद हा ईश्वराने नव्हे तर माणसांनी घातला आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्याच विचारातून पटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’तील त्यांच्या मनःपरिवर्तनाचा भाग मराठी गद्यातील एक विलक्षण प्रामाणिक भाग आहे, याचे कारण त्यात कोणाच्याही आग्रहाला शरण गेल्याची खूण नाही.

येथे टिळकांच्या धर्मजीवनात काय घडले? इच्छा मावळली नाही. ती उत्कटच राहिली. परंतु ती पूर्ण करण्याचा अधिकार त्यांनी सोडून दिला. गेथशेमानेच्या प्रार्थनेतील क्रम, म्हणजे इच्छा बोलणे आणि मग ती सोपवणे, त्यांच्या जीवनात प्रथम येथे पूर्ण झालेला दिसतो. १८९५ साली त्यांनी आपले जुने जीवन सोडले. हा त्याग मोठा होता, पण त्यात त्यांची स्वतःची प्रेरणा त्यांना पुढे ढकलत होती. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी आपली घाई सोडली. दुसरा त्याग पहिल्याहून कमी दिसणारा आणि अधिक अवघड होता.

५

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाच्या संपादनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. या काळातील त्यांच्या कवितेचा विचार समर्पणाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

केशवसुतांबरोबर ज्या थोड्या कवींची नावे अर्वाचीन कवितेच्या प्रारंभकाळात घेतली जातात, त्यांत टिळकांचे स्थान निश्चित आहे. निसर्ग, बालक, गृहजीवन यांवरील त्यांच्या कवितांनी त्यांना फुलामुलांचे कवी ही ओळख मिळवून दिली. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ यांसारख्या रचनांमुळे ते ख्रिस्ती समाजाबाहेरही वाचले गेले. अशा कवीने आपली बरीचशी शक्ती उपासनागीतांत खर्च करावी, याविषयी काही अभ्यासकांना खेद वाटत आला आहे. हे गीतलेखन म्हणजे कवित्वाचा बळी, अशी त्यामागची धारणा असते.

प्रत्यक्षात घडले ते काहीसे निराळे आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तोवर इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाण्याचा प्रघात होता. तसे लेखन टिळकांनीही केले. परंतु संतवाङ्मयाच्या, विशेषतः तुकोबांच्या अभंगांच्या, सान्निध्यात त्यांना जाणवले की मराठी माणसाच्या भक्तीची वाट अभंग, भजन व कीर्तन यांतूनच जाते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ‘अभंगांजली’तील त्यांची रचना या जाणिवेचे फळ आहे. तीत ख्रिस्त हा राजा वा न्यायाधीश यापेक्षा गुरू आणि माउली म्हणून भेटतो. स्वतःची इच्छा ईश्वराच्या ठायी विलीन व्हावी ही आळवणी या अभंगांत पुनःपुन्हा येते. तिची परिभाषा शुभवर्तमानाची असली तरी तिचा सूर वारकरी शरणागतीचा आहे. ‘उपासनासंगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांच्या गीतांचा मोठा वाटा आहे.

व्यक्तिगत कीर्तीची आकांक्षा बाळगणाऱ्या कवीने मंडळीने एकत्र गावयाची गीते लिहावीत, हा इच्छेच्या रूपांतराचा एक प्रकार होय. मंडळी गाऊ लागली की कवीचे नाव मागे पडते. टिळकांनी हे पत्करले आणि त्याच्या मोबदल्यात लहानपणापासून कानावर पडलेला कीर्तनाचा वारसा त्यांना परत मिळाला. जे सोडले असे वाटले होते ते बदललेल्या रूपात हाती आले.

दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखण्याची जी शिस्त त्यांनी संसारात मिळवली होती तिचा प्रत्यय त्यांच्या साहित्यिक संबंधांतही येतो. बालकवी ठोमरे हे त्याचे ठळक उदाहरण. या तरुण कवीला टिळक पतिपत्नींनी अहमदनगरला आपल्या घरात मुलासारखे ठेवून घेतले, त्याच्या कवितेला वळण दिले. एका धर्मोपदेशकाच्या घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले. प्रेमाच्या मोबदल्यात धर्म मागणे टिळकांच्या वृत्तीत बसत नव्हते. ज्या काळी मिशनच्या कार्याचे यश बाप्तिस्म्यांच्या संख्येवर मोजले जाई त्या काळी ही अलिप्तता सहज आलेली नव्हती.

६

१९१७ साली टिळकांनी मिशनशी असलेला सेवेचा संबंध सोडला, वेतन सोडले आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ या कल्पनेच्या सिद्धीस लागले. त्यामागे दीर्घकाळ साठत आलेली अस्वस्थता होती. ख्रिस्ती मंडळी परक्या पैशावर व परक्या रीतींवर जगते, त्यामुळे ख्रिस्त हा परकीयांचा देव ठरतो, असे त्यांना वाटे. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असा एक समाज त्यांना उभारावयाचा होता. त्यासाठी संन्यस्त वृत्तीने राहण्याचा त्यांचा निश्चय होता. हा संन्यास कुटुंबाचा त्याग करून घेतलेला नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची. घर सोडून निघणाऱ्या पूर्वीच्या टिळकांहून हे टिळक निराळे होते.

या टप्प्यावर लेखारंभीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दरबाराची कल्पना ही ईश्वराची हाक होती, की नागपूरच्या दिवसांतील धर्मसंस्थापकाची आकांक्षा वेष बदलून परत आली होती? मिशनमधील काही मित्रांना या पावलाविषयी शंका होती, आदरही होता. निर्णायक उत्तर देणे चरित्रकाराच्या अधिकारातले नाही. परंतु दोन खुणा नोंदवता येतात. नागपुरात त्यांना स्वतःचा धर्म सांगावयाचा होता. साताऱ्यात ते दुसऱ्याच्या दरबारातले सेवक म्हणवून घेत होते. शिवाय नागपूरची योजना कोणाला तोशीस न देता कागदावर राहू शकत होती, तर साताऱ्याची योजना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मिळकत सोडण्याची किंमत मागत होती. ती किंमत पुन्हा कुटुंबालाही द्यावी लागली, हेही खरे. इच्छा शुद्ध होते तेव्हाही ती पूर्णपणे निर्भेळ क्वचितच होते.

दरबार फार वाढला नाही. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या माघारी ही संस्था टिकून राहिली नाही. त्यातील प्रेरणा मात्र अन्यत्र पोहोचली. अहमदनगरमध्ये टिळकांच्या सहवासात आलेले इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

७

टिळकांची आणखी एक इच्छा अपुरी राहिली. येशूचे समग्र चरित्र मराठी ओवीत सांगावे, या हेतूने त्यांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते. कवी, भक्त आणि मराठी परंपरेचा वारस या त्यांच्या तिन्ही भूमिका या ग्रंथात एकवटावयाच्या होत्या. सुमारे अकरा अध्यायांपलीकडे तो गेला नाही.

ते काम पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या स्त्रीने पतीच्या मृत्यूनंतर सुमारे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्या निवर्तल्या. अखेरच्या अध्यायाला पुत्र देवदत्त यांचा हात लागला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. काव्यगुणांच्या दृष्टीने दोन्ही भागांची तुलना स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. येथे एवढेच नोंदवावयाचे की १८९५ साली ज्या निर्णयात लक्ष्मीबाईंना स्थान नव्हते, त्या निर्णयातून निघालेले सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य त्यांनी आपखुशीने पुरे केले. पतीने सक्तीने किंवा युक्तीने त्यांचे मन वळवले असते तर त्यांच्याकडून आज्ञापालन मिळाले असते. चौसष्ट अध्याय मिळाले नसते. टिळक ज्या वर्षांत काही न करता थांबले होते त्या वर्षांचे हे फळ म्हणावे लागेल.

यावरून टिळकांच्या चरित्राच्या अभ्यासासाठी एक पद्धतीविषयक सूचना करावीशी वाटते. टिळकांची भक्तिपर कविता आणि ‘स्मृतिचित्रे’ ही बहुधा वेगवेगळ्या तासांना शिकवली जातात; एक काव्य म्हणून, दुसरे आत्मचरित्र म्हणून. ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. कविता समर्पणाची आकांक्षा सांगते, तर ‘स्मृतिचित्रे’ त्या आकांक्षेचा घरातील जमाखर्च मांडतात. केवळ कविता वाचणाऱ्याला टिळक सिद्ध पुरुष वाटतील, केवळ ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला लहरी गृहस्थ. दोन्ही मिळून जे चित्र उभे राहते त्यात एक उतावळा माणूस आपली इच्छा न मारता ती दुसऱ्याच्या हाती देण्यास हळूहळू शिकताना दिसतो. ते शिक्षण त्यांच्या हयातीत पुरे झाले असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र ते कोठे सुरू झाले याचा शोध घ्यावयाचा तर बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या त्या रिकाम्या घराकडे अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे.